सिरोंचा: लाल मिरची, हिरवा वाघ

चार भाषा, तीन नद्या आणि सोबतीला असा मित्र, ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही! महाराष्ट्राच्या अगदी खालच्या टोकाला केलेल्या एका हटके ट्रिपची ही गोष्ट.

महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उजवीकडे अगदी खाली, जिथं आपला नकाशा निमुळता होत तेलंगणा आणि छत्तीसगडच्या मध्ये घुसतो ना, तिथं सिरोंचा आहे. गडचिरोली जिल्ह्याचं शेवटचं तालुक्याचं गाव. इथून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. "गडचिरोलीला चाललोय" म्हटलं की घरच्यांना पेपरातली एकच बातमी आठवते आणि त्या नादात हे गाव कुणाच्या वीकएण्डच्या यादीत येतच नाही. खरं तर एके काळी याचा काय रुबाब होता! १८६० मध्ये ब्रिटिशांनी अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला आणि त्याचं मुख्यालय ठेवलं सिरोंचाला. पुढे तो जिल्हा मोडला, सिरोंचा चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात गेलं आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाल्यावर त्याच्या वाट्याला आलं.

गावाला खेटून प्राणहिता वाहते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की तिला हे नाव मिळतं आणि सिरोंचा ओलांडताच ती गोदावरीत शिरते. समोरच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वरम. तिथल्या देवळात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत. आणखी खाली सोमनूरजवळ छत्तीसगडकडून इंद्रावती येऊन मिळते. म्हणजे नद्यांची पार्टी!

पण मला नद्यांपेक्षा जास्त गंमत वाटली भाषांची. इथं बऱ्याच घरांत तेलुगू, शाळेत आणि तहसील कचेरीत मराठी, आतल्या जंगलातल्या गावांत माडिया-गोंडी आणि बाजारात या सगळ्यांची हिंदीत कालवलेली भेळ. दुकानाची पाटी मराठी, आतल्या पाकिटांवरची जाहिरात तेलुगू, भाव हिंदीत. अशा ठिकाणी लिहिलेल्या शब्दाचा भरवसा कमी होतो. मग शब्दाच्या जागी काय येतं? रंग. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे ठीक. भाषा कुठलीही असो, हे सगळ्यांना कळतं.

सगळ्यांना? इथंच माझ्या मित्राची एन्ट्री होते.

"माझं जग ब्लॅक अँड व्हाइट नाही रे!"

हा पठ्ठ्या पुण्यात यूआय डिझायनर आहे. म्हणजे ॲपचे स्क्रीन कसे दिसावेत हे ठरवायचा पगार घेतो. आणि तो रंगांधळा आहे. ही माहिती कळली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग हा कुठला रंग सांग?" दिवसातून चारदा शर्टाचे रंग ओळखायला लावतात बिचाऱ्याला. त्याचं उत्तरही आता पाठ झालंय. "निळा मला झकास दिसतो. पिवळा झकास दिसतो. गडबड आहे ती लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी या गँगची. ते एकमेकांचे कपडे घालून फिरतात."

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांतल्या लाल किंवा हिरव्याकडे झुकणाऱ्या पेशी नसल्या किंवा नीट काम करत नसल्या की हा घोळ होतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे तो बिघडला की संपलं. बाईकडे दोन, त्यामुळे एक दुसऱ्याला सांभाळून घेतो. म्हणून हा प्रकार बहुतेक वेळा आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे येतो आणि आईला स्वतःला पत्ताही नसतो. मित्राच्या बाबतीत मामाही तसाच निघाला. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण आठ टक्के आहे. भारतातल्या पाहण्यांत ते कमी, बहुधा दोन ते चार टक्क्यांच्या आसपास आढळतं. बायकांत अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर शंभर पुरुष असतील, तर त्यांतल्या दोघा-तिघांना तुमचा तो लाल-हिरवा रिपोर्ट नीट वाचता येत नसणार. ते बोलत नाहीत, एवढंच.

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो. या दिवसांत सिरोंचा तालुका लाल असतो.

मिरची हाताला कळते

अंकिसा, आसरअल्लीकडे गाडी वळली की गोदावरीच्या बाजूनं मिरचीची शेती सुरू होते. इथला शेतकरी मिरचीच्या बाबतीत महाराष्ट्रापेक्षा तेलंगणाच्या वळणाचा. तोडणीच्या दिवसांत गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन नदीपलीकडे मजुरीला जातात आणि इकडच्या शेतांतही तोड चालू असते. तोडलेली मिरची मोकळ्या जागेत पसरून वाळवतात. तेलुगूत अशा खळ्याला कल्लम म्हणतात. जमिनीवर अंथरलेला तो लालभडक गालिचा बघून माझ्या तोंडून "वॉव" निघालं आणि कॅमेरा बाहेर आला. मित्र शांतपणे म्हणाला, "छान आहे. चिखल आहे का?"

आता विचार करा. हिरव्यागार झाडावर काही मिरच्या हिरव्या, काही पिकून लाल. तोडायच्या फक्त लाल. ज्याला लाल-हिरव्यात फरक दिसत नाही त्याच्यासाठी याहून वाईट काम कुठलं? मित्रानं नेमकं हेच तोडणीला आलेल्या एका अक्कांना विचारलं. त्यांनी त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं आणि झाडाची एक मिरची त्याच्या बोटांत दिली, मग दुसरी. कच्ची मिरची ताठ, गुळगुळीत, कडक. वाळवणीसाठी तोडायची मिरची झाडावरच थोडी सुकलेली असते. ती मऊ पडते, सालीला सुरकुती येते, दाबली की चामड्यासारखी लागते. दिवसभर भराभर तोडणारी बाई प्रत्येक मिरचीकडे टक लावून बघत बसत नाही, बोटं आधी ओळखतात. पाचेक मिनिटांत मित्राला जमायला लागलं. तोंडावरचा आनंद बघण्यासारखा होता!

त्याहून मजा पुढे. वाळलेली मिरची वरंगळच्या एनुमामुला किंवा खम्ममच्या बाजारात जाण्याआधी निवडावी लागते. ज्यांचा रंग उडालाय, ज्या पांढुरक्या पडल्यात, त्या वेगळ्या काढायच्या. त्यांना तिकडे तालू म्हणतात आणि त्यांचा भाव बराच पडतो. आम्ही निवडायला बसलो, तर माझा आणि त्याचा वेग सारखाच! कारण लाल आणि हिरवा त्याला सारखे दिसले तरी गडद आणि फिकट हा फरक त्याला आपल्याइतकाच स्पष्ट दिसतो. रंगांधळ्या माणसासाठी डिझाइन करायचं म्हणजे काय, याचा निम्मा फण्डा त्या ढिगात होता. रंग कुठला हे नंतर बघा, आधी एक गडद आणि एक फिकट आहे ना ते बघा.

परतताना रस्त्याच्या कडेला पळस फुलला होता. मला वाटलं, हा बिचारा याला मुकणार. पण नाही. पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. मोकळ्या आभाळापुढे फुलं उठून दिसतात. काटेसावरीचंही तसंच. मित्राची खरी दुश्मनी गुलमोहराशी आहे. हिरव्या पानांत लाल फुलं! "मे महिन्यात सगळे त्या झाडाखाली फोटो काढतात आणि मला वाटतं, साध्या झाडाखाली का उभे राहिलेत?"

गोल की त्रिकोण

सिरोंचाच्या बाजारात एका किराणा दुकानात आम्ही खाऊ घ्यायला थांबलो. मित्र पक्का शाकाहारी. पाकिटावर तेलुगू मजकूर, बारीक इंग्रजी. त्यानं पाकीट फिरवून कोपऱ्यातली खूण शोधली, एक पाकीट परत ठेवलं, दुसरं घेतलं. कुणालाही न विचारता. यात विशेष काय, असं वाटेल. त्याच्यासाठी होतं.

२००१ मध्ये आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर व्हेज-नॉनव्हेजची खूण सक्तीची झाली. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, चौकोनात तपकिरी ठिपका म्हणजे मांसाहारी. आकार दोन्हींचा एकच, गोल. आणि रंगांची जोडी कुठली निवडली, तर हिरवा आणि तपकिरी! या मंडळींना हमखास चकवणारी. म्हणजे ज्या खुणेचा एकुलता एक उद्देश भाषा न येणाऱ्यालाही एका नजरेत कळावं हा होता, ती लाखो पुरुषांना कळतच नव्हती. जवळपास वीस वर्षं हा माणूस दुकानात आणि विमानात शेजाऱ्याला विचारत राहिला. विचारायची लाज वाटली की न खाता बसायचा.

२०२० च्या लेबलिंगच्या नियमांत खाद्यसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, मांसाहाराची खूण बदलली. तपकिरी चौकोन तसाच, आत गोलाऐवजी त्रिकोण. बस्स! रंग काढला नाही, नवा आणला नाही. ज्याला रंग दिसतो तो रंग बघेल, ज्याला दिसत नाही तो आकार बघेल, ज्याच्याकडे काळा-पांढरा झेरॉक्स आहे त्यालाही कळेल. मला हा सरकारी डिझाइनचा सर्वांत कमी टाळ्या मिळालेला नमुना वाटतो.

हिरवं पाकीट, लाल पाकीट

खाऊच्या पाकिटात फार तर उपास घडतो. औषधाचं तसं नाही.

महाराष्ट्रात मलेरिया म्हटलं की गडचिरोलीचं नाव सगळ्यांत आधी येतं. जंगल, पाऊस, दूरदूरची गावं. तापाचा माणूस आधी भेटतो तो आशाताईंना. त्यांच्याकडची तपासणीची पट्टी मित्राला जाम आवडली. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर सोडायचा आणि थांबायचं. एका ठरलेल्या जागी रेघ उमटली म्हणजे पट्टी चांगली आहे, दुसऱ्या जागी उमटली म्हणजे मलेरिया आहे. रेघ आहे की नाही आणि कुठं आहे, एवढंच बघायचं. जागेला अक्षरही छापलेलं. रंगाशी देणंघेणं नाही!

पण त्यानंतरच्या गोळ्यांचं बघा. राष्ट्रीय कार्यक्रमात फाल्सिपेरम मलेरियाच्या तीन दिवसांच्या गोळ्यांची पाकिटं वयानुसार रंगीत ठेवली गेली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळं, ५ ते ८ ला हिरवं, ९ ते १४ ला लाल आणि १५ च्या पुढे पांढरं. कल्पना उत्तम आहे. वाचता येवो न येवो, भाषा माडिया असो की तेलुगू, रंगावरून पाकीट उचललं जातं. वयही पाकिटावर छापलेलं असतं. आणि आशाताई बाई असल्यानं त्यांनाच रंगांचा घोळ असण्याची शक्यता अगदी कमी.

घोळ घरी होऊ शकतो. समजा, एकाच घरात दोन पोरं तापानं पडलीत, एक सात वर्षांचं आणि एक बारा वर्षांचं. एकाला हिरवं पाकीट, दुसऱ्याला लाल. पहिला डोस आशाताईंसमोर गेला. उरलेले दोन दिवस गोळ्या कोण देणार? घरचे. आई शेतावर गेलेली असेल तर बाप. त्याला छापलेली अक्षरं वाचता येत नसतील, संध्याकाळचा अंधूक उजेड असेल आणि तो त्या शंभरातल्या दोघा-चौघांपैकी असेल, तर त्याच्या हातातली दोन्ही पाकिटं सारखीच. या दोन वयांचे डोस मात्र वेगळे आहेत.

मित्र तिथंच वहीत रेघोट्या ओढायला लागला. कडेवरचं बाळ, रांगणारं पोर, दप्तरवालं पोर, मोठा माणूस. पाकिटाच्या कोपऱ्यात एवढं चित्र छापलं तरी झालं. ही काही त्याची भन्नाट नवी आयडिया नाही. आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या मलेरियाच्या काही पाकिटांवर अशी चित्रं असतात. तेवढंही जमलं नाही तर पाकिटाच्या कडेला एक कातर, दोन कातर, तीन कातर. अंधारातही बोटाला लागेल. अक्कांच्या मिरचीसारखी.

पुलावरच्या बसगाड्या

संध्याकाळी प्राणहितेच्या पुलावर उभं राहणं हा सिरोंचातला मस्ट-डू कार्यक्रम आहे. पूल होण्याआधी लोक नावेनं पलीकडे जायचे. आता इकडची लालपरी आणि तिकडची तेलंगणाची बस एकाच रस्त्यावर. तेलंगणाची बस बघून मला एक निकाल आठवला. तिथल्या परिवहन महामंडळातला एक चालक २०१४ मध्ये कामावर लागला, पुढे तपासणीत रंगांधळा ठरला आणि घरी बसवला गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १ ऑगस्ट २०२५ रोजी कोर्टानं सांगितलं की गाडी चालवायला देऊ नका हवं तर, पण दुसरं झेपणारं काम शोधून द्यायची जबाबदारी तुमची होती, त्याला कामावर घ्या.

खासगी लायसन्सच्या बाबतीत सरकार आधीच थोडं नरमलं होतं. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असेल तरी लायसन्स मिळू शकेल, असा बदल जून २०२० मध्ये झाला. सिग्नलचे दिवे ही मंडळी रंगावरून नाही, जागेवरून ओळखतात. वरचा लाल, खालचा हिरवा. दिव्यांतल्या हिरव्यात मुद्दाम निळसर झाकही ठेवलेली असते. म्हणजे ज्यानं सिग्नल डिझाइन केला त्यानं यांचा विचार केला होता. एकच दिवा लुकलुकणाऱ्या ठिकाणी मात्र यांची पंचाईत होते, कारण वर-खाली काही उरतच नाही.

आणि आपल्या पुण्यातलं प्रकरण तर माहीत हवंच. एफटीआयआयमध्ये फिल्म एडिटिंग शिकायला निवडलेल्या पाटण्याच्या एका तरुणाला वैद्यकीय तपासणीत रंगांधळा म्हणून प्रवेश नाकारला गेला. मुंबई हायकोर्टात तो हरला. सुप्रीम कोर्टानं सिनेमातल्याच जाणकारांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला: रंगांधळ्या विद्यार्थ्यांना सगळे कोर्स खुले करा. सिनेमा एकटा माणूस करत नाही, हा त्यातला मुद्दा मला फार पटला. एडिटर कात्री कुठं लावायची ते ठरवतो, रंग जुळवायला दुसरा माणूस बसतोच की शेजारी.

मित्राचं पहिल्या इंटरव्ह्यूचं दुखणं याच जातीचं. एका कंपनीत सगळं जमलं, मग त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं आणि समोरचे हसले. "रंगांधळा डिझायनर? म्हणजे बहिरा गवई!" त्यानं दुसरीकडे नोकरी धरली. आज त्याच्या टीममध्ये कुठलाही स्क्रीन बाहेर जाण्याआधी त्याच्या डोळ्यांखालून जातो. त्याला कळला म्हणजे सगळ्यांना कळणार.

तुमच्या सोमवारच्या मीटिंगमधलं ते एक्सेल आठवा. लाल सेल म्हणजे प्रोजेक्ट लटकला, पिवळा म्हणजे सांभाळा, हिरवा म्हणजे मजेत. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये तयार मिळतं म्हणून आपण वापरतो. तिथंच बाण, टिकमार्क आणि फुलीचे आयकॉनही तयार मिळतात, ते कुणी लावत नाही! लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी घ्या, तरी काम भागतं. फेसबुक निळं का, याचं कारण तर आता जगाला माहीत आहे: मार्क झुकरबर्गला लाल-हिरवा नीट दिसत नाही. जपानमध्ये मासाताका ओकाबे आणि केइ इतो या दोन शास्त्रज्ञांनी आठ रंगांचा एक संच बनवला. दोघंही स्वतः रंगांधळे. त्यांच्या संचातला लाल थोडा नारिंगीकडे आणि हिरवा थोडा निळ्याकडे झुकवलेला आहे. आज जगभरच्या शोधनिबंधांतले आलेख त्या रंगांत छापले जातात. आणि फुकटची टेस्ट हवी असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन ग्रेस्केल करा आणि तुमचा चार्ट बघा. वाचता आला? मग बिनधास्त पाठवा.

हरणाला वाघ कसा दिसतो?

दुसऱ्या दिवशी वडधम. सिरोंचाच्या या जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडांची खोडं आहेत. तालुक्यातल्या कोटा गावावरून इथल्या खडकांना भूशास्त्रात कोटा फॉर्मेशन म्हणतात. ज्युरासिक काळातले खडक! याच खडकांतून निघालेल्या अगडबंब डायनासोरला १९७५ मध्ये नाव मिळालं बारापासॉरस टागोराय. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी शोधकाम सुरू झालं म्हणून टागोर. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे.

तपकिरी मातीत तपकिरी दगड, त्यावर सुकलेलं पिवळं-हिरवं गवत आणि लालसर पाचोळा. मला खोडाचा तुकडा आणि साधा धोंडा यातला फरक दोन फुटांवरूनही कळेना. हा मात्र लांबून बोट दाखवत होता: तो एक, तो दुसरा. खोडाच्या उभ्या रेषा त्याला पटकन दिसत होत्या. हा चमत्कार नव्हे. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रयोगानं दाखवलं होतं की रंगांच्या ठिपक्यांनी पोत लपवला, तर तो आपल्याला दिसत नाही, पण लाल-हिरवा न दिसणाऱ्यांना दिसतो. आपलं लक्ष रंग खेचून घेतात, यांचं नाही.

भूशास्त्राचे नकाशे कधी नीट बघितलेत? प्रत्येक खडकाला वेगळा रंग असतो आणि प्रत्येक पट्ट्यावर अक्षरांची खूणही असते. रंग नाही कळला तरी खडक कळतो. या मंडळींना हे फार आधी सुचलंय.

आमच्यासारखे बरेच जण सिरोंचाला येण्याआधी ताडोबाला एक सफारी ठोकतात. तिथं प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो की एवढा भडक नारिंगी प्राणी हिरव्या जंगलात लपतो कसा? उत्तर मित्राकडे आहे. हरणांच्या डोळ्यांत शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यांना जंगल साधारण त्याला दिसतं तसंच दिसतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी हे कॉम्प्युटरवर करून दाखवलं. चितळाला वाघ नारिंगी दिसत नाही, आजूबाजूच्या झाडीसारखा हिरवट दिसतो. वाघाला हिरवे केस उगवायची गरजच नाही, गिऱ्हाइकाला तो तसाच हिरवा दिसतो. सफारीत गाइड "तो बघा, तो बघा" करत असताना हा शेवटपर्यंत वाघ शोधत होता. वाघानं शेपटी हलवली तेव्हा दिसला. "चितळाचं दुःख मला कळतं," म्हणाला!

कसं जाल? कधी जाल?

रेल्वेनं बल्लारशाह किंवा चंद्रपूर गाठा. तिथून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंचा. आलापल्लीनंतरचा रस्ता जंगलातून जातो, त्यामुळे दिवसाउजेडी निघा आणि रस्त्याची अवस्था आधी विचारून घ्या. वाटेत आडवळणाला कमलापूरचा सरकारी हत्ती कॅम्प आहे, तिथं अर्धा दिवस द्या. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना तेलंगणातलं मंचेरियल स्टेशन आणि कालेश्वरमच्या बाजूनं येणं सोपं. मुक्कामाची सोय आधी फोनवर पक्की करा, इथं ऐनवेळी हॉटेल मिळेल या भ्रमात राहू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मार्चनंतर ऊन जीव घेतं.

पावसाळ्यात नद्या भन्नाट दिसतात, पण जरा जपून. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहिता अशा फुगल्या की सिरोंचा तालुक्यातली गावं पाण्यात गेली, माणसांना हलवावं लागलं. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजचे सगळे ८५ दरवाजे उघडावे लागले होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या याच बॅरेजचे काही खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले.

आपल्याकडे अशा वेळी फॅमिली ग्रुपवर फिरतो तो हवामान खात्याचा रंगीत नकाशा. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हला. मित्रासाठी त्यात हिरवा-पिवळा एक जोडी आणि नारिंगी-लाल दुसरी. तयार राहायचं की घर सोडायचं, हे त्याला नकाशावरून कळत नाही. फॉरवर्ड करणाऱ्यानं खालची सूची कापून टाकलेली असली की मग विचारूच नका. याच नदीवर खाली तेलंगणात भद्राचलमला वेगळी पद्धत आहे. पाणी ४३ फुटांवर गेलं की पहिला इशारा, ४८ ला दुसरा, ५३ ला तिसरा. आकडा ऐकून कळतो, फोनवरून सांगता येतो, तेलुगूतून मराठीत आणताना हरवत नाही. २०२२ च्या त्या जुलैत तिथं पाणी ७१ फुटांच्या वर गेलं होतं.

तेव्हा पावसात जाणार असाल तर निघण्याआधी दोन गोष्टी बघा. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये गडचिरोलीच्या नावापुढे लिहिलेला शब्द आणि भद्राचलमचा आकडा. सिरोंचाचं पाणी पुढे तिकडेच जातं. आकडा ४३ च्या वर सरकलेला दिसला, तर मिरचीच्या सीझनपर्यंत थांबा.